मदत हवी आहे: काल्पनिक झाड, उद्या सकाळपर्यंत

रंकाळा_वारा: उष्ण प्रदेशातलं एक काल्पनिक खाद्यझाड पाहिजे. मूळ कुठलं, उपयोग काय, दोन्ही. नेटवर सगळी खरीच झाडं सापडालीत. उद्या सकाळी द्यायचंय, लगेच सांगा.

कट्ट्यावरचा: द्यायचंय कुणाला? कादंबरी लिहालाय काय?

रंकाळा_वारा: पोरीचा शाळेचा प्रकल्प हो.

नाक्यावरनं: कितवीत? वही का तक्ता?

रंकाळा_वारा: सातवी. तक्ता. चित्र तिनं काढलंय, पानं फणसाची आणि खाली कंद. नाव 'भाकरकंद'. पुढं गाडी अडकलीय.

माळीबुवा: हे आधी सांगायचं की! साबुदाण्याचा कंद, कसावा, तो नमुना धरा. मूळ दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांनी बाहेर नेला. कडू जातीत सायनाइड सुटतं, म्हणून तिकडं कंद किसून, पिळून, भाजून खातात. भाकरकंदालाही असा एखादा दोष द्या. नुसतं 'पौष्टिक व औषधी' लिहिलं की बाईंना कळतंय, बापानं लिहिलंय.

माहेर_मालवण: पोरीच्या तक्त्यावर सायनाइड? काहीतरीच! नीरफणस घ्या. आमच्याकडे कापं करतात. झाड मूळचं पॅसिफिककडचं. ताहितीहून रोपं नेताना १७८९ मध्ये बाउंटी जहाजावर बंड झालं, कप्तान ब्लायला होडीत घालून सोडून दिलं. पठ्ठ्या परत गेला आणि १७९३ मध्ये रोपं वेस्ट इंडीजला पोचवली. कशासाठी, तर मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोटाला घालायला.

माळीबुवा: नीरफणसाला कंद कुठं असतो वहिनी? चित्र काढून झालंय.

माहेर_मालवण: कंद राहू दे, बी काढून टाका. नीरफणसाच्या कितीतरी जातींना बी नसतं, मुळाच्या फुटव्यावर वाढतात. म्हणून तर जहाजातनं रोपं न्यावी लागली.

तांबडा_पांढरा: सगळं बाहेरनंच कशाला? मूळ कोल्हापूरच दाखवा. तांबडा रस्सा काय परदेशातनं आला?

माळीबुवा: मिरची आली की. मेक्सिकोकडची. आधी आपल्याकडं तिखटाला मिरी नि पिंपळी.

तांबडा_पांढरा: पांढरा तरी आपला?

माळीबुवा: काजू घालता? ते ब्राझीलचे.

तांबडा_पांढरा: आता जेवायचं पण नाही का लगा!

गच्चीबाग: ड्रॅगनफ्रूटला सिमेंटचा खांब द्या, पाणी बेतानं.

कट्ट्यावरचा: कुणी विचारलं?

रंकाळा_वारा: थांबा. सायनाइड नको म्हणते पोरगी. कच्चा खाल्ला तर अळूगत घसा खाजतो, चिंच घालून शिजवला की जातं, असं लिहालीय. बी नाही, फुटव्यावर वाढतो. उपयोग भाकरी, पापड, पाल्याची भाजी. मूळ एका बेटावरचं दाखवायचंय, आता त्या बेटाचं नाव सांगा.

माळीबुवा: पाल्याला पण खाज दाखवा, अळूला असते.

तांबडा_पांढरा: पंचगंगा बेट.

नाक्यावरनं: नाव नंतर. बेट विषुववृत्ताच्या जवळ काढा, उष्ण प्रदेश म्हटलंय. आणि तक्त्यावर नकाशाला जागा हाय काय?