देवांचे पोशाख म्युझियममध्ये कशाला? (साओ पावलो, आफ्रो-ब्राझील म्युझियम)

भटका_चिंचवडकर: ऑफिसच्या कामाने साओ पावलोत होतो, एक रविवार इबिरापुएरा पार्कातल्या आफ्रो-ब्राझील म्युझियमला दिला. एमानोएल आराउजो नावाच्या कृष्णवर्णीय शिल्पकाराने २००४ साली स्वतःच्या संग्रहातून सुरू केलेलं, २०२२ला ते वारले, आता म्युझियमच्या नावातही ते आहेत. बिल्डिंग निमायर या आर्किटेक्टची, प्रचंड. गुलामांच्या जहाजाचा सांगाडा ठेवलाय तिथे मी बराच वेळ नुसता उभा होतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पुढे कांदोंब्लेचे पोशाख. कांदोंब्ले म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचा धर्म, त्यात देव (ओरिशा) भक्ताच्या अंगात येतो, ढोल वाजतात, मग तो हा पोशाख घालून नाचतो. ओशुनचा पिवळा, येमांजाचा निळा. ढोल नाही, अंग नाही, नुसते कपडे मांडलेत! विठोबाचा अंगरखा असा स्टँडवर लावला तर चालेल आपल्याला? मला तरी नाही पटलं.

सई_मालवण: दादा, अंगरख्याचं उदाहरण गंडलंय. रिओमध्ये काय झालं ते बघा. १८८९ नंतर पोलिस कांदोंब्लेच्या आणि उंबांदाच्या (तसाच दुसरा धर्म) देवस्थानांवर धाडी घालायचे, मूर्ती, ढोल, माळा उचलून न्यायचे, आणि हा माल पोलिसांच्याच म्युझियममध्ये ‘काळी जादू’ म्हणून ठेवलेला, कितीतरी दशकं! तिथल्या पुजारी बायका वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे २०२०मध्ये ५१९ वस्तू रिपब्लिक म्युझियमला गेल्या. म्हणजे त्यांनीच म्युझियम मागितलं, अट एवढीच की वस्तूंचं काय करायचं ते आम्हाला विचारून. भांडण काचेशी नव्हतंच, किल्ली कोणाच्या हातात याच्याशी होतं.

भटका_चिंचवडकर: ते पोलिसांकडून सुटलेलं सामान, त्याला कुठेतरी न्यावंच लागणार. इथे साओ पावलोत तशी काय मजबुरी होती?

कातकाम: मजबुरी ही की शाळेत पोरांना हे सगळं भूतबाधा म्हणूनच माहीत असतं हो. मी आठ वर्षं तिकडे होते, आमच्या शेजारीण बाई देवाची पांढरी माळ ब्लाउजच्या आत लपवून ऑफिसला जायच्या, तोच देव सरकारी इमारतीत उजळ माथ्याने उभा दिसला की काय वाटत असेल विचार करा. आणि तुम्ही अवजारांचा विभाग बघितलात की नाही? साखरेचे साचे, लोहाराची, सुताराची हत्यारं. माझ्या मते म्युझियमचा जीव तिथे आहे. आणलेली माणसं नुसती हमाल नव्हती, धातू गाळणारे, सोनार होते. जवळजवळ ४८ लाख माणसं उतरवली ब्राझीलमध्ये, गुलामी संपली १८८८ला, अमेरिका खंडांत सगळ्यात शेवटी, आणि पाठ्यपुस्तकात काय तर राजकन्येने सही केली. लुईस गामाला वडिलांनीच दहाव्या वर्षी विकलेलं, तो पुढे कोर्टात लढून पाचशेच्या वर लोक सोडवतो, त्याचं नाव इथे आपल्यात कोणी ऐकलंय?

अण्णा_डोंबिवली: मी नाही ऐकलं. 🙏 पण म्युझियमच्या रस्त्याचं नाव पेद्रो आल्वारेस काब्राल आहे हे कुणाला खटकलं नाही? हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५००मध्ये ब्राझीलला लागला आणि तिथून थेट आपल्या कालिकतला येऊन तोफा डागल्या त्याने. दारात तोच!

सई_मालवण: 😂 अण्णा, आमच्याकडे काजू त्यांच्यामुळेच आला पण, गप्प बसा.

भटका_चिंचवडकर: @कातकाम ताई, अवजारं बघितली, पण घाईत, चूक माझी. शेजारीणबाईंचं पटलं. तरी कपड्यांचं नाही पटत. चित्र काढा, लाकडात कोरा, पण देवाचा खरा पोशाख वेगळा.

कातकाम: मग ब्राझीलमधल्याच साल्वादोर शहरात जा. तिथल्या विद्यापीठाच्या आफ्रो म्युझियममध्ये कारिबे नावाच्या कलाकाराने कोरलेले ओरिशांचे २७ लाकडी पॅनेल आहेत, अख्ख्या माणसापेक्षा उंच. कारिबे जन्माने अर्जेंटिनाचा, पण कांदोंब्लेत पदावर बसलेला, म्हणजे कोरणारा आतलाच. ते बघा आणि मग सांगा, लाकूड चालतं तर कापड का नाही.

भटका_चिंचवडकर: पुढची ट्रिप मार्चमध्ये आहे. साओ पावलोहून विमान किती तासांचं?