गाडीचं काम निम्म्या किमतीचं निघालं म्हणून गाडी विकायची? हा नियम कुणी काढला?

सात रस्ता

परवा इथे ‘हप्तेवाला’ यांनी लिहिलं की दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी. त्यापुढे पैसे घालणारे कंजूष असतात आणि दुसऱ्यांच्या जिवाशी खेळतात, असले लोक सोलापुरात जास्त आहेत, वगैरे. खाली अंगठ्यांची रांग. कंजूष म्हटल्याचा राग नाही. हिशोब चुकीचा आहे, म्हणून लिहितोय.

माझी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक. विकली तर लाखभर येतील. गॅरेजवाल्याने काम सांगितलं ६८ हजारांचं: क्लच सेट, दोन्ही लोअर आर्म, बुश, रेडिएटर, इंजिनचं हेड उतरवून व्हॉल्व्हचं काम, शिवाय एसीचा कंप्रेसर. तुमच्या नियमाने गाडी भंगारात.

आता नवी बघा. साधी हॅचबॅक ऑन रोड सात लाख धरा. दीड लाख खिशातले, साडेपाच लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता साधारण ११,४०० रुपये, वर्षाचे १ लाख ३७ हजार. पाच वर्षांत नुसतं व्याजच १ लाख ३५ हजार जातं. म्हणजे माझ्या गाडीचं हे अख्खं काम एकट्या व्याजात जवळजवळ दोनदा होतं! आणि हप्ते फिटेपर्यंत विम्याच्या कागदावर त्या गाडीची किंमत निम्मी झालेली असते.

दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या भावाशी करायचीच कशाला? मी ती विकायला काढलेली नाही. तुलना करायची तर नवी गाडी वर्षाला किती खाते त्याच्याशी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला म्हणून जो तो शोरूमकडे धावतोय. स्वस्त झाली, मान्य. पण वर महाराष्ट्राचा ११ टक्के रोड टॅक्स आहेच, तो कुणी मोजत नाही.

हप्तेवाला

निबंध वाचला. सगळे रकाने छान भरलेत, एक सोडून. त्या रकान्यात माझी आई बसली होती.

मागच्या वर्षी पुण्याहून येताना मोडनिंबच्या अलीकडे रात्री साडेअकराला काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. मागच्या सीटवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. बाजूने ट्रक असे जातायत की उभी गाडी हलतेय. टोइंगवाल्याने जे मागितलं ते दिलं, घासाघीस करायचं सुचलंसुद्धा नाही. त्याच्या आधी दोनच महिने त्याच गाडीवर मोठं काम करून घेतलं होतं, तुमच्यासारखाच हिशोब करून.

आणि २०११ च्या तुमच्या गाडीत एअरबॅग किती? एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय, आहे? एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे आणि २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग. तुमच्या ६८ हजारांत यातलं काय बसतं?

सात रस्ता

आईंना त्रास झाला, वाईट वाटलं. पण वाफ आली म्हणजे इंजिनचं हेड गॅस्केट गेलं असणार, आणि ते एका रात्रीत उडत नाही. कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, शेवटचं कधी बदललं होतं? की रेडिएटरची टोपी उघडायची आणि तांब्याने पाणी ओतायचं, असंच चाललं होतं?

हप्तेवाला

हे बघा, लगेच माझीच चूक. गाडी जुनी म्हणून बंद पडली हे कबूल करायला जड जातंय.

मिस्त्री, अक्कलकोट रोड

साहेब, दोघंबी जरा थांबा. तांब्याचं बोललात ते लई खरं आहे, पण तांब्यात काय असतं ते सांगतो. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. ते कोण रेडिएटरमध्ये घालणार? बोअरचंच घालतात. त्यात क्षार. रेडिएटरच्या नळ्या आतून पांढऱ्या होऊन चोंदतात. जानेवारीत कळत नाही. एप्रिल-मेला ४३-४४ चा पारा, वर एसी चालू, की काटा चढलाच. हेड वाकतं, गॅस्केट जातं. मग गिऱ्हाईक म्हणतं कंपनीच खराब. कुलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला, नाहीतर तयार कॅन मिळतो तो घाला. वर्षाला हजार-बाराशे जातात, हेडचं काम वाचतं.

दुसरं, विकायची का ठेवायची हे इंजिनवर ठरवू नका. इंजिन बांधता येतं. क्लच, सस्पेंशन सगळं नवं पडतं. पत्रा सडला तर संपलं. रॅम्पवर घ्या, खालून बघा, जॅक लावायच्या जागी स्क्रू ड्रायव्हर टोचा. आत गेला तर एक रुपया घालू नका. सोलापूरची हवा कोरडी, इथल्या गाडीचा पत्रा शक्यतो टिकतो. कोकणातून, मुंबईतून आलेली गाडी स्वस्त दिसली तरी आधी खालून बघा.

बाकी, जुन्या गाड्यांना आता खरा ताप पेट्रोलचा आहे. २० टक्के इथेनॉल आल्यापासून पेट्रोलचे रबरी पाइप, ओरिंग फुगून आलेले, तडकलेले जास्त बघतोय. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचं ते सामान त्या पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं.

भीमाकाठ

आलं, आलं उसावर! वाटच बघत होतो. गाडी तुमची पंधरा वर्षांची, बोअरचं पाणी तुम्ही घालणार, अन् खापर आमच्या उसावर. इथेनॉल बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा माळशिरसला येऊन एफआरपीची, म्हणजे उसाच्या कायद्याने ठरलेल्या भावाची, वाट बघावी. कायद्यात १४ दिवस लिहिलंय, आम्ही महिने मोजतो. साखर पडून असती अन् कारखाना म्हणतो पैसा नाही. इथेनॉलचा पैसा तेल कंपन्या लवकर देतात, त्यावर बिलं निघतात. तुमच्या दोनशे रुपयांच्या पाइपासाठी आम्ही काय ऊस पेटवायचा का?

मिस्त्री, अक्कलकोट रोड

अण्णा, बंद करा कोण म्हटलं? पाइप बदला म्हटलं.

कडक भाकरी

भीमाकाठ, पाइपाचा खर्च सोडा. ॲव्हरेजचं काय? सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच खुलासा केलाय की २० टक्क्यांसाठी न बनवलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज ३ ते ६ टक्के कमी होऊ शकतं, आणि काही जुन्या गाड्यांचे रबराचे भाग, गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील. पेट्रोल मात्र शंभरीच्या वरच. इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा लिटरमागे तिसऱ्या हिश्श्याने कमी, मग दर पूर्ण का? शेतकऱ्याला मदत करायची तर बजेटमधून करा, माझ्या टाकीतून कशाला?

आणि हे सगळं उसाचंच आहे असंही नाही. आता मक्याचा वाटा मोठा झालाय. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनेच उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली होती, तेव्हा तुमच्या बिलांची काळजी कुणाला होती? ते भांडण दिल्लीशी आहे, जुन्या गाडीवाल्यांशी नाही.

भीमाकाठ

दिल्लीशीच आहे. पण शहरातल्यांना ऊस नेहमी वाईटच दिसतो. २०२३ ला विमानतळाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा टाळ्या वाजवणारे कोण होते, विसरलो नाही अजून.

कडक भाकरी

चिमणी कुठून आली इथे? आणि आलीच आहे तर उजनी धरणाचं पण काढा. दुष्काळी जिल्हा, उरावर एवढे साखर कारखाने, धरणात पाणी असून शहराला चार दिवसांनी. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये हौसेने घालत नाही कुणी.

भीमाकाठ

धरणात जमिनी कुणाच्या गेल्या? तुमच्या नवी पेठेतल्या का? पाणी शहरात येतं, पाइपलाइन तुमची, गळती तुमची, महापालिका तुमची. उसाचं नाव घेऊ नका.

शेंगाचटणी

ऊस, चिमणी, उजनी झालं. महापूर आणि नीरा-भाटघरचं पाणी राहिलंय, तेही उरकून घ्या. मग गाडीवर येऊ.

मी जुळे सोलापुरातून रोज तुळजापूरला शाळेत जाते, गाडी मीच चालवते. आमच्या घरी ‘अजून दोन वर्षं जाईल की’ म्हणणारे साहेब स्कूटरवर ऑफिसला जातात, तेही दहा मिनिटांत. गाडी गॅरेजला गेली की रजा माझी पडते, हायवेला बंद पडली की उभी मी राहते. आणि बॉनेट उघडून उभ्या बाईजवळ थांबणारा प्रत्येक जण मदतीलाच थांबतो असं नसतं. सात रस्ता काका, तुमच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहू?

मी ना दुरुस्ती केली ना नवी घेतली. चार वर्षं वापरलेली घेतली, शाळेतल्याच मॅडमची. पहिल्या मालकाने किमतीतली मोठी घसरण सोसलेली असते. विमा कंपन्यांच्या तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात. एबीएस, एअरबॅग दोन्ही आहेत. सर्व्हिसची सगळी बिलं बघितली.

हप्तेवाला

तुम्हाला ओळखीत मिळाली म्हणून बरं. माझ्या मेहुण्याने पुण्यातल्या एका डीलरकडून घेतली. मीटरवर ४१ हजार. सर्व्हिस सेंटरला नंबर टाकला तर दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ८९ हजार. डीलर फोन उचलत नाही. जुनी घ्यायची तर लोकांची लफडी पण विकत घ्यावी लागतात. म्हणून म्हणतो, नवी.

मिस्त्री, अक्कलकोट रोड

मीटर बघायचंच नाही. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंग, ड्रायव्हरच्या सीटची कड बघा. ४० हजारांत पेडल गुळगुळीत होत नाही.

सात रस्ता

शेंगाचटणी ताई, रोज हायवेला जाणाऱ्याने माझ्यासारखी गाडी ठेवू नये, हे मान्य. लिहून घ्या आणि हप्तेवाल्यांना फ्रेम करून द्या. पण माझा हायवे म्हणजे गुरुवारी अक्कलकोट, तोही दर गुरुवारी नाही. बाकी सात रस्त्यावरून होटगी रोड, भाजी, दवाखाना. या वापराला साडेअकरा हजारांचा हप्ता? गाडी महिन्यातले निम्मे दिवस कव्हरखाली असते.

मिस्त्री, अक्कलकोट रोड

कव्हरखाली ठेवत असाल तर टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने पडू देऊ नका. इथेनॉल ओलावा ओढतं, पावसाळ्यात पाणी वेगळं होऊन खाली बसू शकतं. गाडी फिरवत राहा.

कडक भाकरी

सात रस्ता, हिशोबाची हौस आहे तर हेही मांडा. गाडी २०११ ची म्हणजे २०२६ ला पंधरा वर्षं पूर्ण. पासिंगची, म्हणजे आरटीओत नोंदणी पुन्हा करून घ्यायची, फी ५ हजार, वर जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स, एजंटचे वेगळे. नवी नंबर प्लेट लावली नसेल तर ७४५ अधिक जीएसटी. पासिंग पाचच वर्षांचं मिळतं. पुढे २० वर्षांनंतर तीच फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार केलीय. आणि विमा काढून ठेवला असेल तरी क्लेमला रबर-प्लास्टिकचे निम्मेच पैसे धरतात.

तरीही तुमचं उत्तर बदलत नाही म्हणा, हे चिडून सांगतोय. दहा हजार वाढले तरी एका हप्त्याच्या आतच आहे.

हप्तेवाला

पंधरा वर्षांनंतर गाडी चालवताच येत नाही ना पण? मग ६८ हजार पाण्यात.

कडक भाकरी

तो नियम दिल्ली-एनसीआरचा. डिझेल दहा, पेट्रोल पंधरा. एमएच १३ ला, म्हणजे आपल्या सोलापूरला, लागू नाही. इथे पासिंग झालं की गाडी चालते. व्हॉट्सॲपवर बातमी फिरवायच्या आधी कुठल्या गावची आहे ते तरी बघा.

हप्तेवाला

बरं बाबा. ठेवा. पण पुण्याला जाताना एसटीने जा, आणि घरच्यांना तुमच्या गाडीत घालून रात्री टेंभुर्णीच्या पुढे नेऊ नका. एवढं ऐकलंत तरी माझ्याकडून मिटलं.

सात रस्ता

पुण्याला आम्ही रेल्वेनेच जातो. तुमचा हप्ता चालू होता तेव्हापासून.

मिस्त्री, शनिवारी गाडी आणतो. आधी पत्रा टोचा, पत्रा धड असेल तरच क्लच उघडा. पेट्रोलचे पाइप त्यातच धरा. कंप्रेसर तूर्त राहू द्या, मेमध्ये बघू.

भीमाकाठ

इथेनॉलवर मी बोललो त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण मिस्त्री, माझी २०१२ ची बाइक आहे, सकाळी कार्बोरेटरखाली पेट्रोल गळल्याचा डाग दिसतो. वास पण येतो. कशानं असंल?

मिस्त्री, अक्कलकोट रोड

घेऊन या. कशानं ते इथं लिहीत नाही.