मदत हवी आहे: बाबांना (वय ६१) घेऊन एव्हरेस्ट बेस कॅम्प, रजा मोजकीच

तिसरामजला

नमस्कार मंडळी,

यंदा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बाबांना घेऊन एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं घाटतंय. म्हणजे बाबांचं पक्कं आहे, शंका सगळ्या माझ्या आहेत. बाबा एकसष्ट वर्षांचे. आयुष्यभर सह्याद्रीत भटकलेले, अजूनही वर्षाला एकदा हरिश्चंद्रगड होतोच, पाचनईकडून का होईना. हिमालयात मात्र आम्ही दोघंही कधी ट्रेकला गेलेलो नाही. बाबांना रक्तदाबाची रोजची एक गोळी आहे, बाकी ठणठणीत. हल्ली सॅकमध्ये कोलम तांदळाची पाच किलोची पिशवी टाकून इमारतीचे जिने चढउतार करतात. शेजारच्या काकू मला रोज विचारतात, "लिफ्ट परत बंद पडली का गं?"

मला सलग बारा दिवसच रजा मिळतेय. त्यात बसेल असा कार्यक्रम एका आयोजकानं दिलाय: पहिल्या दिवशी मुंबई-काठमांडू. दुसऱ्या दिवशी विमानानं लुकला आणि चालत फाकदिंग. मग नामचे, नामचेत एक दिवस मुक्काम, तेंगबोचे, डिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप करून त्याच दिवशी बेस कॅम्प. दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर आणि खाली फेरिचे, मग नामचे, मग लुकला. बाराव्या दिवशी सकाळी लुकलाहून निघून त्याच संध्याकाळी काठमांडूहून मुंबईचं विमान.

इतर आयोजकांच्या कार्यक्रमात डिंगबोचेला एक जादा दिवस दिसतो. हा आयोजक म्हणतो, तुमचे बाबा फिट आहेत, त्याची गरज नाही. खरंच नाही का? शिवाय उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी घ्यावी की नाही, आधार कार्डावर काम भागतं का, विमा कुठला बघावा, शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का, हेही सांगा. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल. आगाऊ धन्यवाद.

घाटवाट

ताई, आधी त्या डिंगबोचेच्या दिवसाबद्दल, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर.

कागद-पेन्सिल घ्या आणि फक्त झोपायच्या जागांची उंची लिहा. नामचे ३,४४० मीटर. तेंगबोचे ३,८६७. डिंगबोचे ४,४१०. लोबुचे ४,९४०. गोरक्षेप ५,१६४. तुमच्या कार्यक्रमात नामचे सोडल्यावर ओळीनं चार रात्री चार नव्या उंचीवर आहेत, मध्ये एकही थांबा नाही. चार दिवसांत १,७२४ मीटर. आपलं अख्खं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, आणि ही चढण सुरूच होते साडेतीन हजारांच्या जवळून. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा सर्वमान्य नियम आहे. तेंगबोचे ते डिंगबोचे आणि डिंगबोचे ते लोबुचे, दोन्ही टप्पे पाचशेच्या वर जातात. थांब्याचा दिवस नेमका या दोघांच्या मध्ये लागतो, म्हणून सगळे डिंगबोचेलाच थांबतात.

आणि फिट असण्याचा इथे संबंध नाही. फिट माणूस दमत नाही, त्यामुळे भराभर वर जातो आणि जास्त लवकर आजारी पडतो. बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीर त्याला सरावायला जेवढा वेळ घेतं तेवढा घेतंच. सिंहगड रोज चढून तो कमी होत नाही. सिंहगडाचा फायदा पायांना आणि गुडघ्यांना आहे, तेवढ्यासाठी जरूर चढा.

थांब्याच्या दिवशी लोळत पडायचं नसतं. नामचेहून वर एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (३,८८० मीटर) जाऊन चहा प्यायचा, खाली येऊन झोपायचं. डिंगबोचेहून नांगकरत्सांगच्या धारेवर जमेल तेवढं चढायचं आणि परत. उंच चढा, खाली झोपा.

आयोजकाला सांगा, डिंगबोचेचा दिवस घातलात तरच पैसे भरते.

जिप्सी_७२

घाटवाटशी शंभर टक्के सहमत. आता बाराव्या दिवसाबद्दल.

लुकलाहून सकाळी निघून संध्याकाळी मुंबईचं विमान, हे कागदावरच छान दिसतं. ऑक्टोबर हा गर्दीचा हंगाम. त्या दिवसांत लुकलाची बहुतेक विमानं काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. म्हणजे जाताना काठमांडूच्या ठमेलमधून रात्री एक-दोनच्या सुमाराला गाडीत बसायचं, चार-पाच तास घाटातून हेलकावे खात मंथली गाठायचं आणि तिथे नंबर लागायची वाट बघायची. येताना तेच उलटं. मंथलीपर्यंतचं उड्डाण वीसेक मिनिटांचं, पण ते होणार की नाही हे ढगांवर. लुकलाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही उतारावर, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. वैमानिकाला समोरचं स्वच्छ दिसलं तरच तो येतो. दुपारनंतर वारा आणि ढग वाढतात म्हणून सगळी ये-जा सकाळीच. एक दिवस विमानं बंद राहिली की दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं रांगेत.

तेव्हा काठमांडूत परतल्यावर किमान एक, जमल्यास दोन दिवस मोकळे ठेवा. विमानं वेळेवर आली तर पशुपतिनाथ, पाटण, भक्तपूर बघा, दिवस वाया जात नाही. मुंबईचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. सामानाची मर्यादा लुकलाच्या विमानात हातातलं धरून माणशी साधारण पंधरा किलो, तेव्हा कोलमची पिशवी घरीच ठेवा :)

कागदपत्रं: विमानानं नेपाळला जाताना आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत. आधारची सवलत पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांना आहे, बाबा त्यात बसत नाहीत. मतदार ओळखपत्रावरचं आणि तिकिटावरचं नाव ताडून पाहा. आपल्याकडे वडिलांच्या नावावरून आणि स्पेलिंगवरून हमखास घोळ असतो.

खडूस_काका

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, हे कुणी सांगितलं का? दगडगोटे, हिमनदी आणि फोटोसाठी रांग. अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३० मीटर) करा. लुकलाच्या विमानाची कटकट नाही, दिवस कमी, आणि चारी बाजूंनी शिखरं अशी उभी राहतात की मान दुखते. बारा दिवसांत आरामात.

तिसरामजला

काका, मी हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्यांना म्हणावं, अन्नपूर्णा पुढच्या वर्षी." शाळेत असताना तेनसिंगचा फोटो वहीला लावला होता म्हणे. इथे माझं काही चालणार नाही.

घाटवाट

काकांचं म्हणणं खोटं नाही, पण म्हणूनच काला पत्थर असतो ना. साडेपाच हजार मीटरच्या वरचा तो काळा माथा. पहाटे अंधारात निघून वर पोचलं की एव्हरेस्ट समोर, नुप्त्सेच्या खांद्यामागून डोकावणारा. बाबांना दोन्हींपैकी एकच झेपणार असेल तर मी बेस कॅम्प सोडून काला पत्थर करायला सांगेन. पहाटेची थंडी मात्र सणसणीत असते. मोबाइलची बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा, नाहीतर वर पोचल्यावर नेमका बंद.

स्टेथोस्कोप

मी डॉक्टर आहे, पण बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा हे घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा.

वय हा स्वतःत अडसर नाही. उंचीचा त्रास तरुणांनाही तितकाच होतो. साठीनंतर काळजी असते ती हृदयाच्या लपलेल्या आजाराची. त्यासाठी डॉक्टरांशी बोलून स्ट्रेस टेस्ट वगैरे करून घ्या. ती चांगली आली म्हणजे उंचीवर त्रास होणार नाही असं मात्र नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रक्तदाबाची गोळी तिथे बंद करायची नाही. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा चढतो. गोळी नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते महत्त्वाचं. लघवी वाढवणारी असेल तर डायमॉक्सही तेच करते, दोन्ही मिळून शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं. बीटा ब्लॉकर असेल तर चढताना नाडी हवी तेवढी वाढत नाही, माणूस लवकर थकतो. दोन्ही बाबतींत डॉक्टर पर्याय सुचवू शकतात, पण निघायच्या आठवड्यात गोळी बदलू नका. आत्ताच विचारा.

डायमॉक्स: प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायलाच हवं. घरी एक-दोन दिवस घेऊन बघा म्हणजे बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोडा पाणचट लागतो, हे तिथे कळून घाबरगुंडी उडणार नाही. गोळीनं लक्षणं झाकली जातात असं लोक म्हणतात, ते खरं नाही. पण गोळी घेतली म्हणून डिंगबोचेचा दिवस गाळता येत नाही, हेही तितकंच खरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं: ही लक्षणं दिसली की उंचीचाच त्रास समजायचा आणि त्या दिवशी पुढे चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालताना झोकांड्या जात असतील, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरवायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. ऑक्सिजन मोजायला मनगटावर किंवा बोटावर लावायच्या यंत्रातल्या आकड्यांपेक्षा या चालण्याच्या चाचणीवर माझा जास्त भरवसा आहे. बाबा पिढी "काही नाही गं, थोडं डोकं जड आहे" म्हणणारी असते, तेव्हा रोज संध्याकाळी तुम्हीच विचारा, आणि जेवणाच्या ताटात किती उरलं तेही बघा.

फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे आणि हंगामात तिथे डॉक्टर असतात. दुपारी उंचीच्या आजारांवर ट्रेकर्सना माहितीही देतात. डिंगबोचेहून टेकडी ओलांडली की फेरिचे. थांब्याच्या दिवशी बाबांना तिथे घेऊन जा. मुलीचं ऐकणार नाहीत, डॉक्टरचं ऐकतील.

झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही नको.

पोटोबा

जेवणाची चिंता सोडा. सगळीकडे दाल-भात मिळतो, भात-डाळ-भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. उलट मांसाहारी लोकांनीच नामचेच्या वर शाकाहारी व्हावं. खुंबूत (एव्हरेस्टच्या पायथ्याचा हा सगळा भाग) प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर वाहून येतं, ते किती दिवसांचं असेल देव जाणे. लसणाचं सूप रोज घ्या. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं न्या. चार हजारांच्या वर तोंडाची चव जाते तेव्हा त्या चटणीनंच भात उतरतो.

जसजसं वर जाल तसे भाव चढतात, अंघोळीचं गरम पाणी, चार्जिंग, वायफाय सगळ्याचे वेगळे पैसे. रोख काठमांडूतच घ्या, नामचेच्या वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशाला सार्क देशांच्या लोकांना १,५०० नेपाळी रुपये अधिक कर लागतो. स्थानिक पालिकेचा परवाना वेगळा, तो लुकलाला मिळतो.

जिप्सी_७२

विम्याचं राहिलं होतं. आपल्याकडच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात किंवा उंचीची मर्यादा असते. पॉलिसीत सहा हजार मीटरपर्यंत ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरनं सुटका हे दोन्ही स्वच्छ लिहिलेलं हवं, एजंटचं तोंडी "हो हो, कव्हर आहे" चालणार नाही. वयामुळे आणि रक्तदाबामुळे हप्ता वाढेल. रक्तदाब लपवू नका, दावा नाकारायला तेच कारण पुरतं. आणि जरा डोकं दुखलं की हेलिकॉप्टर बोलवू या म्हणणारा भेटला तर सावध. गरज नसताना हेलिकॉप्टर उडवून विमा उकळण्याच्या प्रकारांची २०१८ मध्ये नेपाळ सरकारनंच चौकशी केली होती. उतरून बरं वाटत असेल तर पायी उतरा.

वाटाड्याबद्दल: एकट्यादुकट्या विदेशी ट्रेकरनं वाटाड्या घ्यायलाच हवा असा नियम नेपाळनं एप्रिल २०२३ पासून केला, पण खुंबूतल्या पालिकेनं तो आपल्याकडे लागू केला नाही. तरी तुम्ही घ्याच. दोघांत एक भारवाहकही घ्या. बाबांच्या पाठीवर पाणी, जाकीट आणि औषधं, एवढंच.

तिसरामजला

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः स्टेथोस्कोप यांचे. बाबांची गोळी लघवी वाढवणारीच निघाली, सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

आयोजकाशी बोलले. डिंगबोचेचा दिवस घालायला तयार आहे, पण काठमांडूचा मोकळा दिवस "बघू" म्हणतोय. "बघू"वर मी पैसे भरणार नाही, दुसऱ्या दोघांकडून कार्यक्रम मागवलाय. रजेसाठी साहेबांकडे पुन्हा अर्ज टाकलाय. दिवाळीच्या सुट्ट्या जोडून चार दिवस वाढतील असं वाटतंय. नाहीच वाढले तर एप्रिलमध्ये जाऊ, असं बाबांशी ठरलंय. दोन दिवस तोंड फुगवून होते, आता परत जिने सुरू.

शेवटची शंका. बाबा ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूटच घालणार म्हणतायत. "आख्खा सह्याद्री याच्यावर झालाय" हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकतेय. चालतील का?

घाटवाट

चालतील हो, त्यावर जाऊन आलेली माणसं मला माहीत आहेत. कातळावर त्याच्यासारखी पकड महागड्या बुटांना नसते. पण ऑक्टोबर अखेर बर्फ पडला तर ते ओले होतात आणि घोट्याला आधार नाही. नामचे ते लुकला उतरताना घोटाच दगा देतो. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, एक माप मोठे घ्या आणि तेच घालून जिने चढायला लावा, म्हणजे महिन्याभरात पायाला बसतील. स्लीपिंग बॅग आणि जाड जाकीट विकत घेऊ नका, ठमेलमध्ये भाड्यानं मिळतात.

आणि निघायच्या आदल्या दिवशी बाबांना पायाची नखं कापायला सांगा. उतारावर सगळा भार अंगठ्यांवर येतो, वाढलेलं नख काळं पडून हातात येतं.