न विचारता आपल्या कुत्र्याला हात लावणाऱ्या लोकांना कसं थांबवायचं?

चिंगीची_ताई

नमस्कार मंडळी. मी दादर पश्चिमेला राहते, शिवाजी पार्कच्या जवळच. आमच्याकडे चिंगी आहे, देशी, रस्त्यावरून आणलेली. आमच्याकडे यायच्या आधी तिला कोणीतरी खूप मारलंय हे नक्की, कारण छत्री, झाडू, वर्तमानपत्राची गुंडाळी, काहीही वर उचललं की ती अंग चोरून खाली बसते. घरच्यांशी मात्र इतकी प्रेमळ आहे की विचारू नका.

त्रास बाहेरच्या माणसांचा आहे. सकाळी पार्काला फेरी मारायला नेलं की कट्ट्यावर बसलेले, जॉगिंग करणारे, दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेले, कोणीही येतं आणि थेट डोक्यावर हात ठेवतं. विचारणं वगैरे काही नाही. मी "अहो ती घाबरते" म्हटलं की हमखास ठरलेलं उत्तर येतं, "मला काही नाही करणार, आमच्या गावाला होती चार कुत्री". लहान मुलांचे आईबाप तर मुलाचा हात धरून तिच्या तोंडाजवळ नेतात, हातात चिवडा नाहीतर वेफर्स, आणि म्हणतात "कर बाळा, भू भूला हाय कर".

सगळ्यात जास्त त्रास लिफ्टमध्ये. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटची आहे, टॉवर उंच पण लिफ्ट एवढीशी. वरच्या मजल्यावरचे एक काका आहेत, माणूस वाईट नाही, पण आत आले की वाकून तिच्या डोक्यावर थापट्या मारतात. ती मागच्या स्टीलच्या भिंतीला पाठ चिकटवते, कान मागे पाडते, सारखं स्वतःचं नाक चाटते, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, आणि काका म्हणतात "बघ कशी गुणी, शांत उभी राहते माझ्याकडे". ती शांत नसते हो, ती थिजलेली असते. मागच्या आठवड्यात ती पहिल्यांदा हलकंसं गुरगुरली, तर तेच काका म्हणाले की ही चावरी व्हायला लागलीय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढावा लागेल. मी घरी येऊन रडले खरं सांगते.

वयाने मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं, आणि उद्या खरंच दात लागला तर सगळं माझ्यावरच येणार का? कोणी असं काही निभावलं असेल तर सांगा प्लीज.

गिरगावकर_७०

"ती घाबरते" हे म्हणणं आधी बंद करा. आपल्या लोकांना ते आव्हान वाटतं, मी हिची भीती घालवून दाखवतो असं. त्यापेक्षा तीनच शब्द, "हात नका लावू". तेही हात यायच्या आधी, हाताचा पंजा पुढे करून, आणि स्वतः कुत्रा आणि माणसाच्या मध्ये उभं राहून. पार्कात हिंदीत "दादा हाथ मत लगाओ". मागाहून सॉरी, प्लीज, ॲक्च्युअली असलं शेपूट लावायचं नाही, लावलं की लोक बोलत बसतात आणि बोलता बोलता हात पुढे येतोच.

आणि "चावते" असं तर कधीच सांगू नका. त्या वेळी काम होतं, पण बिल्डिंगमध्ये तेच तोंडोतोंडी फिरतं आणि उद्या मीटिंगमध्ये तुमचंच वाक्य तुमच्या विरोधात वापरतील.

भटक्या_मित्र

चिंगीची_ताई, मी बरीच वर्षं परळ-लालबाग भागात रस्त्यावरच्या कुत्र्यांचं लसीकरण आणि दत्तक देण्याच्या कामात मदत करतो, ट्रेनर नाही, पण घाबरलेली कुत्री रोज बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गुरगुरली म्हणून तिला ओरडू नका, पट्ट्याला झटका देऊ नका. तुम्ही लिहिलंय ना, नाक चाटणं, पांढरा डोळा, थिजणं, हे सगळं ती आधीपासून सांगतच होती, कोणी ऐकलं नाही म्हणून ती गुरगुरली. ती शेवटची सूचना आहे. तीही दाबली तर कुत्रा गुरगुरायचं सोडून देतो आणि एक दिवस काही न सांगता थेट चावतो, मग लोक म्हणतात अचानक चावला. अचानक काही नसतं. जांभई येणं, शेपूट पायात घालणं, मान फिरवणं, एक पुढचा पाय उचलून धरणं, हे सगळं "नको" असंच असतं. आणि शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे हेही खरं नाही, ताठ अंग आणि वर धरलेलं शेपूट हलत असेल तर ते ताणाचं लक्षण आहे.

मोकळा कुत्रा नको असेल तर निघून जातो. पट्ट्यावरचा कुत्रा जाऊ शकत नाही आणि लिफ्टमधला तर अजिबात नाही, म्हणून बहुतेक भानगडी तिथेच होतात. तुम्ही एक करा, लिफ्टमध्ये चिंगीला कोपऱ्यात बसवा आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभ्या राहा, म्हणजे हात टाकायचा तर तुम्हाला ओलांडून टाकावा लागेल आणि तेवढं धाडस कोणी करत नाही. कोणी आधीच आत असेल तर "तुम्ही व्हा पुढे, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो". वेळ जातो, मान्य आहे.

आता मझल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर घालायचं आवरण. कुत्र्याला मझल म्हणजे तो चावरा हा आपल्याकडचा समज आहे, पण जाळीचं बास्केट मझल घातलं तर दोन फायदे, एक तर दात लागायची भीती जाते आणि दुसरं म्हणजे लोक आपोआप चार पावलं लांब राहतात. फक्त कापडी, तोंड घट्ट बांधणारं घेऊ नका, कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो थंड होतो, मुंबईच्या उकाड्यात तोंड बांधलं तर जिवावर बेतेल. जाळीच्या मझलमधून तिला धाप लागली तरी चालते, पाणी पिता येतं. घरी हळूहळू सवय लावा, आत खाऊ ठेवून तिला स्वतः तोंड घालू दे, एकदम पट्टे आवळू नका.

परदेशात पट्ट्याला पिवळी रिबन बांधायची पद्धत आहे, पिवळी दिसली की लांब राहा असं. पण इथे कोणाला त्याचा अर्थ कळणार, उलट लोक विचारायला जवळ येतील. त्यापेक्षा हार्नेसवर, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यावर, मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत शिवून घ्या. इंग्रजी "डू नॉट पेट" वाचून आमच्याकडे लोक काय लिहिलंय बघायला वाकलेत, म्हणून सांगतोय.

समुद्र_किनारी

मला थोडं वेगळं वाटतं. मुंबईत गर्दी आहे, हात लागणारच. आमचा लॅब्रेडोर कार्टर रोडला फिरतो, सगळ्यांचे लाड करून घेतो, लोकांचा दिवस चांगला जातो. कुत्रा पब्लिकमध्ये आणायचा तर त्याला माणसांची सवय लावणं ही मालकाचीच जबाबदारी नाही का? सगळ्यांना लांब ठेवलं तर तो अजूनच घाबरट होईल. आणि प्रेमाने हात लावणाऱ्याला असं तोडून बोलणं मला तरी जमणार नाही.

भटक्या_मित्र

जबाबदारी मालकाची आहे हे शंभर टक्के मान्य. पण सवय लावायची म्हणजे सगळ्यांनी हात लावायचा असं नाही हो. सवय म्हणजे शेजारून माणूस गेला, सायकल गेली, पाववाला भोंगा वाजवत गेला तरी तिने निवांत चालत राहणं. पिल्लाचा माणसं ओळखायचा खरा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत असतो, त्या काळात चिंगीने मार खाल्लाय. तिला रोज कोणीतरी वरून हात घातला तर सवय होत नाही, भीती पक्की होते. तुमच्या लॅबला मजा येते हे छानच आहे, पण तिथेसुद्धा लोकांनी आधी तुम्हाला विचारायलाच हवं, कारण समोरच्याला काय माहीत हा कुठला आणि तो कुठला.

आणि पिल्लांचं तर अजून वेगळं आहे. लसी पूर्ण नसलेल्या पिल्लाला रस्त्यावरच्या दहा कुत्र्यांना कुरवाळून आलेला हात लागला की त्या हातावरून पार्व्होसुद्धा, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा विषाणू, येऊ शकतो.

पाळीपाळीने

मी महापालिकेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. कुत्रा चावलेल्यांच्या रांगेत "नाही हो, ओळखीचाच होता, लाड करत होतो" असं सांगणारे आमच्याकडे नेहमी असतात. त्यामुळे ही गोष्ट नुसत्या मॅनर्सची नाही.

दात किंवा नख लागलं तर, रक्त आलेलं नसलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखान्यात. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते. कातडीत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीचं, इंजेक्शनसुद्धा द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून "पाळलेलाच आहे, टोचलेला आहे" म्हणून घरी बसू नये. त्या कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं.

ताई, तुम्ही चिंगीची दरवर्षीची रेबीजची लस चुकवू नका आणि सर्टिफिकेटचा फोटो फोनमध्येच ठेवा. पालिकेचा परवाना नसेल तर तोही काढून घ्या. उद्या काही झालंच तर पहिला प्रश्न हाच येतो.

कायद्याचं_बोला

जबाबदारीचं विचारलंय म्हणून. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 (आधीचं आयपीसी 289) मालकालाच लागू होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना पुरेशी काळजी घेतली नाही तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात शब्द आहे निष्काळजीपणा. म्हणजे पट्टा, मझल, हार्नेसवरची सूचना, लस, परवाना, आणि त्या काकांना सांगितल्याचा लेखी मेसेज, हे सगळं तुम्ही काळजी घेतली याचा पुरावा आहे. काकांना व्हॉट्सॲपवर नम्रपणे एक मेसेज टाकाच.

आणि मीटिंगला घाबरू नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी ठराव करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करू शकत नाही.

शाळेतली_बाई

मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. मुलं लगेच शिकतात, आईबापांना वेळ लागतो. आमच्या वर्गात असं सांगते की आधी कुत्र्याच्या माणसाला विचारायचं, तो हो म्हणाला की मग कुत्र्याला विचारायचं. म्हणजे लांबच, जरा तिरकं उभं राहायचं, हात खाली सैल सोडायचा, डोळ्यात रोखून बघायचं नाही. तो स्वतः येऊन हुंगला तर छातीला किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. परत आला तर अजून, नाही आला तर टाटा. डोक्यावरून हात नाही, मिठी नाही, जेवताना झोपताना नाही. आणि खाऊ तर मालकाला विचारल्याशिवाय मुळीच नाही, चॉकलेट, द्राक्षं, मनुका कुत्र्याला विषासारखे असतात आणि मुलांच्या डब्यात हेच असतं.

ताई, मुलांना "हात लावू नको" म्हणताना काहीतरी करायला द्या, "लांबून तिचं नाव घेऊन हाक मार बघू". मुलं खूश होतात आणि आईबाप रागवत नाहीत.

चिंगीची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना मेसेज टाकला, काकूंनाही टाकला. लिहिलं की काका तुमचं प्रेम कळतं पण तिला आधी मार बसलेला आहे, वरून हात आला की तिला तेच आठवतं, कृपया लिफ्टमध्ये तिच्याकडे बघूसुद्धा नका. काकांचं उत्तर नाही आलं, पण काकूंचा फोन आला, खूप वेळ बोलल्या, त्यांनाच हे माहीत नव्हतं. काल काका आत आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. थोडे फुगलेत, पण चालेल. चिंगी कोपऱ्यातच होती, पण नाक चाटत नव्हती.

मझलची सवय सुरू केलीय. आता एकच, आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, घरात तीस-चाळीस माणसं येतात, तेव्हा काय करू?

गिरगावकर_७०

आतली खोली, दाराला आतून कडी, तुमच्यापैकी एकजण पाळीपाळीने तिच्यासोबत, पंखा आणि टीव्हीचा आवाज चालू. आमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहा की चिंगी आत आहे, दार उघडू नये. आरतीच्या आधी अर्धा तास तिला खाली फिरवून आणा, झांजा सुरू झाल्या की मग ती बाहेर यायला तयार होणार नाही.