फाइट क्लब परत पाहिला आणि या वेळी टायलरची भीती वाटली (स्पॉयलर आहेत)

अर्धवट_झोप
मंडळी, ज्यांनी फाइट क्लब पाहिला नसेल त्यांनी पुढे वाचू नका, शेवट फुटेल. डेव्हिड फिंचरचा हा पिक्चर इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर एका पीसीसमोर सात-आठ जण दाटीवाटीने बसून पाहिला होता आणि नंतर महिनाभर आमच्या तोंडात नुसता टायलर डर्डन. तुमची नोकरी म्हणजे तुम्ही नाही, बँकेतले पैसे म्हणजे तुम्ही नाही, हे ब्रॅड पिटच्या तोंडून ऐकलं की अंगावर काटा यायचा. आता वय ३९, गेलं वर्षभर झोप धड नाही, परवा रात्री दोन वाजता एकटाच परत बघत बसलो तर पोटात गोळा आला. पिक्चरमध्ये एडवर्ड नॉर्टनला झोप येत नसते, तो टायलरबरोबर मारामारीचा क्लब काढतो, पुढे त्याची टोळी होते, आणि शेवटी कळतं की टायलर त्याच्याच डोक्यातून निघालेला. त्या नॉर्टनचा राग मला आजही पटतो. कार कंपनीत नोकरी, गाडीत दोष आहे, माणसं मरतायत, पण गाड्या परत मागवायला नुकसानभरपाईपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर मागवायच्याच नाहीत, हा हिशेब तो विमानात शेजारच्या बाईला सांगतो ना, तेव्हा त्याचा चेहरा बघा, माणूस आतून संपलाय. पण मग पिक्चर नक्की टायलरच्या बाजूने आहे की विरुद्ध? मला खरंच ठरवता येत नाहीये.

खिडकीपाशी
विरुद्ध, माझ्या मते. झोपेचा विषय निघालाय म्हणून सांगते, नॉर्टनला पहिल्यांदा झोप कशाने लागते ते आठवा. मारामारीने नाही. कॅन्सर पेशंटच्या ग्रुपमध्ये तो धिप्पाड बॉब त्याला छातीशी धरतो, हा रडतो, बॉबच्या शर्टवर ओला डाग उमटतो आणि त्या रात्री हा गाढ झोपतो. मग मार्ला येते, तीही त्याच्यासारखीच खोटी पेशंट, तिच्यात त्याला स्वतःचं खोटं दिसतं आणि झोप परत उडते. टायलर येतो तो त्यानंतर. म्हणजे जे काम रडण्याने होत होतं ते तो बुक्क्यांनी करायला लावतो. बाबा आजारी होते तेव्हा मी अशा एका ग्रुपला जायचे, अनोळखी माणसांसमोर रडल्यावर अंग कसं हलकं होतं ते मला माहितीये, त्यामुळे मला तरी पिक्चरमधला सगळ्यात महत्त्वाचा सीन तोच वाटतो.

रीळवाला
@खिडकीपाशी थोडी भर घालतो. टायलर 'येतो' त्याच्या आधीच तो चार वेळा पडद्यावर चमकून गेलेला असतो, एकेका फ्रेमपुरता! ऑफिसात झेरॉक्स मशीनपाशी, डॉक्टरशी बोलताना, त्या ग्रुपमध्ये, आणि मार्ला रस्त्याने निघून जाते तेव्हा. माझे मामा थिएटरात ऑपरेटर होते, रीळ बदलायच्या वेळी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो तो त्यांनी मला लहानपणी दाखवला होता, आणि इथे टायलर स्वतःच ऑपरेटर, तोच ठिपका बोटाने दाखवतो, वर कौटुंबिक पिक्चरमध्ये नको त्या फ्रेमा चिकटवतो. फिंचरने टायलरची ती खोडी आपल्यावरच केलीये. झोप नसलेल्या डोक्यात तो आधीपासून वाढत होता, हे दाखवायला याहून भारी मार्ग नाही.

सडेतोड
मला इतकं सरळ नाही वाटत. विरुद्ध असता तर टायलरला इतका देखणा कशाला केला असता? लाल जॅकेट, ते बोलणं, ते हसू. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने तेव्हा फक्त दोन स्टार दिले होते आणि त्याची तक्रार साधारण हीच होती, की लोकांना मारामारी आवडेल, मुद्दा पोचणार नाही. १९९९ साली थिएटरात पडलाच, ६ कोटी डॉलरच्या वर खर्च आणि अमेरिकेत जेमतेम ३.७ कोटी आले, पुढे डीव्हीडीवर पोरांनी उचलून धरला, आणि काय उचललं, तर टायलर. दिग्दर्शकाने इशारा दिला असेल, पण इतक्या हळू आवाजात की विशीतल्या पोराला तो ऐकूच येत नाही. याचा दोष मी फिंचरला देतो. तरी २०२२ मध्ये चीनमध्ये टेन्सेंटच्या व्हिडिओ साइटवर टायलरच्या टोळीने घडवलेले शेवटचे इमारतींचे स्फोट कापून त्याजागी पोलिसांनी कट उधळला अशी पाटी टाकली होती तेव्हा संताप आला होता, ओरड झाल्यावर बराचसा भाग परत घातला म्हणे. शेवट तोच हवा. इमारती कोसळतायत आणि नॉर्टन मार्लाचा हात धरून उभा आहे, तिथे आपल्याला बरं वाटतं आणि बरं वाटल्याची लाज वाटते.

अर्धवट_झोप
@सडेतोड आम्ही तीच पोरं होतो, मान्य. पण या वेळी बॉबच्या मरणाला थांबलो. टायलरच्या टोळीत सगळ्यांची डोकी भादरलेली, काळे कपडे, नावं काढून घेतलेली, प्रश्न विचारायचे नाहीत, म्हणजे ज्या ऑफिसातून पळाले त्याहून कडक ऑफिस. बॉबला गोळी लागते, प्रेत किचनच्या टेबलावर, आणि नॉर्टन कळवळून सांगतो की अरे हा माणूस होता, याचं नाव रॉबर्ट पॉलसन होतं. तर ती पोरं त्या नावाचाही जप करायला लागतात. होस्टेलवर आम्ही त्या जपावर हसलो होतो, परवा मला रडू आलं.
@खिडकीपाशी, तो ग्रुप कसा शोधलात? चालत असेल तर मेसेज करा.

खिडकीपाशी
केलाय, बघा. पहिल्या दिवशी काही बोललं नाही तरी चालतं.