चंद्रकलांचा पाठ वाचनातून कसा घ्यावा? (इयत्ता तिसरी-चौथी)

प्रश्न – शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, दापोली तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र बसतात. चंद्रकलांवरील उतारा मुले न अडखळता वाचतात, अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या व्याख्याही त्यांना पाठ आहेत. परंतु चंद्र रोज लहान का होत जातो असे विचारले की बहुतेक जण "पृथ्वीची सावली पडते म्हणून" असे सांगतात. कित्येकांचे वडील हर्णै बंदरातून मासेमारीला जातात, त्यामुळे तिथी, उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती) हे शब्द मुलांच्या रोजच्या कानावरचे आहेत. वाचनाचा तास तसाच ठेवून मुलांना काय आणि कोणत्या क्रमाने वाचायला द्यावे, याविषयी अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 – निवृत्त मुख्याध्यापक, गुहागर

ताई, पाठ्यपुस्तकाच्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका वाचायला द्यावी, असे माझे ठाम मत आहे. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला असते आणि त्रिपुरी पौर्णिमा त्यानंतरच्या पंधरवड्याच्या अखेरीस येते, म्हणजे संपूर्ण शुक्ल पक्ष बहुतांशी दिवाळीच्या सुटीतच मिळतो. मुलांनी रोज दिनदर्शिकेतील तिथी वाचावी, संध्याकाळी आकाशाकडे पाहावे आणि वहीत एक चित्र व एक पूर्ण वाक्य लिहावे. भाऊबीजेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ दिसते. आपल्याकडे पश्चिमेला समुद्र मोकळा असल्याने ती सापडण्याची शक्यता अधिक, आणि नाही सापडली तर तृतीयेला पाहावी. कृष्ण पक्षात चंद्रोदय दररोज सरासरी 50 मिनिटांनी लांबतो, त्यामुळे तो पक्ष लहान मुलांना रात्री पाहता येत नाही. मात्र वद्य सप्तमी-अष्टमीच्या सुमारास सकाळी परिपाठाच्या वेळी पश्चिम आकाशात चंद्र दाखवता येतो. दिवसा चंद्र दिसतो, हेच अनेक मुलांना नवे असते. सुटीनंतर वर्गात सर्वप्रथम या वह्यांचे प्रकट वाचन घ्यावे आणि मगच पुस्तकातील उतारा उघडावा.

उत्तर 2 – विज्ञान शिक्षिका, मालवण

सावलीचा गैरसमज केवळ "चूक आहे" असे सांगून जात नाही, कारण ग्रहणाच्या चित्रात मुलांनी सावली खरोखरच पाहिलेली असते. मी उताऱ्यासोबत एकच प्रश्न वाचायला देते: शुक्ल अष्टमीला सूर्य मावळत असताना अर्धा चंद्र डोक्याजवळ असतो, मग पृथ्वीची सावली कोणत्या दिशेला पडेल? सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पूर्वेकडे पडणार, आणि चंद्र तर तिथे नाहीच, हे मुले स्वतःच ओळखतात. त्यानंतर "चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, त्यातला किती भाग आपल्याकडे आहे तेवढा आपल्याला दिसतो" हे वाक्य त्यांना खऱ्या अर्थाने समजते.

चित्रांविषयीही थोडे सांगते. अनेक सचित्र पुस्तकांत कोर उभी काढलेली असते, परंतु आपल्या अक्षांशावर ती कललेली दिसते आणि माघ-फाल्गुनात तर होडीसारखी जवळजवळ आडवी असते. मुलाने वहीत आडवी कोर काढली, तर पुस्तक पाहून ती खोडायला लावू नये. उजळलेली बाजू मावळलेल्या सूर्याकडे आहे ना, एवढेच तपासावे.

उत्तर 3 – शिक्षक, अलिबाग

आपल्या मुलांसाठी उत्तम वाचनपाठ भरती-ओहोटीचाच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते, हा हिशेब किनाऱ्यावरील जाणत्यांना तोंडपाठ असतो: चतुर्थीला सुमारे 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकरा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, म्हणून आमची मुले हे गणित आवडीने करतात. मी यावर दहा-बारा ओळींचा उतारा स्वतः लिहिला असून त्याचा रोख कारणावर ठेवला आहे: अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात म्हणून उधाण येते, तर अष्टमीला ते काटकोनात असतात म्हणून भांग असतो. हीच मांडणी चंद्रकलांचीही असल्याने मुलांना दुसरी आकृती वेगळी शिकवावी लागत नाही. आपण असा उतारा हर्णैसाठी लिहावा आणि मुलांना तो घरी वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगावे. भरतीची वेळ प्रत्येक बंदरात थोडी मागेपुढे होते, म्हणून घरच्यांनी सांगितलेली वेळ मुलांनी उताऱ्याखाली स्वतः लिहून आणावी.