इलेक्ट्रिक पिकअप: आधी ओढायचं किती ते ठरवा

इलेक्ट्रिक पिकअपबद्दल "इंधनाचे पैसे वाचतात, म्हणजे गाडी आपोआप परवडते" असं म्हटलं जातं, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. वाचतात खरे, पण गाडी रोज भरपूर पळवली आणि घरीच चार्ज केली तर. महामार्गावरच्या फास्ट चार्जरची वीज घरच्यापेक्षा बरीच महाग पडते. सगळं त्याच्यावरच भागवलं तर बचत फारशी उरत नाही.

खरी अडचण ट्रेलरची. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपची मोठी बॅटरी १३१ किलोवॅट-तासांची, रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) जास्तीत जास्त ५१५ किमीच्या आसपास. मागे उंच, जड ट्रेलर जोडला की ती जवळपास निम्म्यावर येते, कारण वेगात हवेचा अडथळाच सगळ्यात जास्त वीज खातो. शिवाय बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलर सोडवूनच गाडी लावावी लागते. लांबच्या प्रवासात हे फार जिवावर येतं.

मात्र हीच गाडी कामाच्या जागी ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देऊ शकते. करवत, वेल्डिंग मशीन जनरेटरशिवाय चालतात! बांधकामवाल्यांसाठी मी हा फायदा फार मोठा मानतो. रोजच्या ठरलेल्या शंभरेक किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर जरूर घ्या. दर आठवड्याला बोट ओढत लांब जाणार असाल, तर सध्या डिझेलच ठेवा, नाहीतर हायब्रिड बघा.